कानानं निवडलेला पंखा

“कान शाबूत हाय तवर माणूस शाबूत हाय.”

व्यंकटी सोनकांबळे हे वाक्य दिवसातून एकदा तरी बोलायचाच. चहाच्या टपरीवर कुणी त्याच्या आवाजाची तारीफ केली की तो हात झटकायचा. आवाज काय, म्हशीलाही असतो, म्हणायचा. आपण बोललेलं समोरच्या भिंतीवरून कसं परत येतं, हे ज्याला ऐकू येतं त्यानंच बोलावं. आणि मग ते वाक्य.

उदगिरात त्याचा चेहरा न पाहिलेले लोक पुष्कळ होते, आवाज न ऐकलेला कुणी नव्हता. आटोच्या टपावर भोंगा, आत मागच्या सीटवर मांडी घालून व्यंकटी, आणि हातात माईक. नळाला पाणी कधी येणार, मोंढ्यातून कुणाची म्हैस सुटली, मिरवणूक कोणत्या रस्त्यानं जाणार, सारं गाव त्याच्या तोंडून ऐकायचं. पण हातातलं काम थांबवून ऐकायचं ते मयताची सूचना. इतर गोष्टी तो चढ्या सुरात सांगे. मयताला मात्र आवाज खाली उतरवायचा, आणि नाव घेण्याआधी किंचित थांबायचा. त्या थांबण्यात बाया पिठाचे हात घेऊन दारात येत. मग नाव पडायचं, आणि कुठल्या तरी घरातून हुंदका निघायचा.

ह्या कामाला त्याच्या घरात जुनं मूळ होतं. त्याचा आजा गावकीचं काम म्हणून मयताचा सांगावा घेऊन गावोगाव पायी जायचा आणि परक्या अंगणाबाहेर उभा राहून सांगायचा. कुणी पाणी दिलंच तर वरून ओंजळीत ओतत. छपन्न साली धम्म स्वीकारला तसा बापानं तो सांगावा कायमचा टाकून दिला. म्हणून पोरगा भोंगा घेऊन निघाला तेव्हा बाप कित्येक दिवस त्याच्याशी बोलला नाही. व्यंकटीनं बापाला एवढंच सांगितलं, की आजा उभा राहून सांगत होता, मी बसून सांगतो. आजाला धाडत होते, मला बोलावतात. पुढं बाप गेला, त्याची सूचना व्यंकटीनंच दिली. ज्या दारांबाहेर आजा उभा राहिला होता त्या दारांसमोरूनही आटो सावकाश नेला. आवाज कुठं हलला नाही.

त्याची एक खोड मात्र घरात चेष्टेची होती. नव्या वस्तूवरचं प्लास्टिक तो काढू देत नसे. आटोच्या सीटचं आवरण उन्हानं पिवळं पडून तडकलं, तरी तसंच. माईक पिशवीतून बाहेर यायचा तो कामापुरता. लहानपणी त्याच्या वाट्याला आलेली प्रत्येक वस्तू कुणी तरी आधी वापरून टाकलेली होती, त्यामुळं नव्या वस्तूचं नवेपण जपायचं त्याला वेडच होतं. बायको पंचफुला म्हणायची, “मला आणलं तवाच गुंडाळून ठेवायचं होतं की. मीबी नवी राहिले असते.” तो हसायचा, पण प्लास्टिक काढायचा नाही.

यंदा भीमजयंतीच्या मिरवणुकीत, भर चौकात, त्याचा आवाज मध्येच फाटला. लोकांना वाटलं भोंगा बिघडला. व्यंकटीला कळलं, की भोंगा नाही. त्याच्याच कानानं त्याला सांगितलं. लातूरच्या मोठ्या दवाखान्यात गळ्यात दुर्बीण घालून पाहिलं, तुकडा तपासला, आणि डॉक्टरांनी लेकीला आत बोलावून सांगितलं, की स्वरयंत्र काढावं लागेल, नाही तर जीव राहणार नाही. बुद्धपौर्णिमेनंतरची तारीख दिली. तोवर बोलणं कमी ठेवा, म्हणाले.

परतीच्या एस.टी.त व्यंकटी खिडकीबाहेर बघत होता. नळेगाव मागं पडल्यावर लेकीकडं न बघता म्हणाला, “आवाज जाईल. कान ऱ्हाईल न्हवं?”

“कान राहील, अण्णा,” लुंबिनी म्हणाली.

लुंबिनी त्याची एकुलती एक. बॅनर छापायच्या दुकानात डिझाइन करायची. घरी तिचा स्वतःचा कॉम्प्युटर होता, एका बंद पडलेल्या इंटरनेट कॅफेतून घेतलेला. एस.टी.तच तिच्या मनात आलं, की अण्णांचा आवाज तुकड्यातुकड्यानं भरून ठेवायचा. सगळ्या गावांची नावं, आडनावं, वार, वेळा, आणि ती ठरलेली वाक्यं. मग पुढं कुणाचंही मयत होवो, तुकडे जोडून सूचना तयार होईल आणि आटोवर अण्णाच बोलतील. व्यंकटीला ते आधी रुचलं नाही. “तुकड्यातुकड्यानं माणूस मरतो व्हय?” पण गावात दुसऱ्या कुणाचा आवाज फिरतोय, ही कल्पना त्याला त्याहून नकोशी होती. तो तयार झाला.

पहिली चाचणी शेजारच्या साखराबाईवर झाली. साखराबाई म्हातारी, ओट्यावर बसून येणाऱ्या-जाणाऱ्याला टोमणे मारणारी. तिनं कधीचं सांगून ठेवलं होतं, “व्यंकट्या, माझं मयत तुझ्याच तोंडून जायाला पाहिजे.” तो म्हणायचा, “आधी मर तर खरं.” त्या दिवशी त्यानं तिची पूर्ण सूचना बोलून दिली. आवाज तेव्हा बरा होता. नावाआधीचं ते थांबणंही जसंच्या तसं. साखराबाईनं पदरात तोंड घालून ऐकलं, डोळे पुसले, आणि म्हणाली, “सगळं चांगलं हाय. पण माझ्या मयतात पिठाची गिरणी कशाला लावली?”

ती गिरणी म्हणजे कॉम्प्युटरचा पंखा. पत्र्याचं घर, वैशाखाचं ऊन, शेजारच्या डाळमिलचा कोंडा. प्रोसेसर, म्हणजे त्या यंत्राचं डोकं, तापून जायचं. त्यावरचा मूळचा पंखा घरघर ओरडायचा, आणि तरी अधूनमधून सगळं आपोआप बंद पडायचं. सॉफ्टवेअरनं घरघर काढली तर अण्णांचा आवाज डब्यातून आल्यासारखा व्हायचा. मोबाइलवर घेतलेला भोंग्यावर फाटायचा. कॉम्प्युटर अंगणात ठेवून लांब वायर ओढून पाहिली, तर तिथल्या उन्हात तो मांडून होईपर्यंतच गप्प झाला. व्हिडिओ बघून लुंबिनीच्या लक्षात आलं, की डोक्यावरचा धातूचा ठोकळा आणि पंखा, दोन्ही बदलायला पाहिजेत. ठोकळा उष्णता ओढून घेतो, पंखा ती उडवून लावतो. ठोकळा मोठा तर पंख्याला धावावं लागत नाही. त्याला कूलर म्हणतात, असं तिनं सांगितल्यावर पंचफुला म्हणाली, “वा. कॉम्प्युटरला कूलर, आन् आपल्याला हातपंखा.”

आणायला लुंबिनी एकटीच नांदेडला जाणार होती. व्यंकटी चप्पल घालून तयार बसला होता. आवाजाचा मामला आहे, म्हणाला, तो डोळ्यानं कसा निवडशील?

मुखेडवरून एस.टी.नं दोघं गेले. दुकान भागवत नावाच्या तरुणाचं होतं. त्यानं खोकी मांडली. पहिला कूलर चपटा, मूळच्यासारखा, छोट्या पंख्याचा. दुसऱ्यात नळ्यांतून पाणी खेळत होतं. व्यंकटीनं विचारलं, पाणी कधी बदलायचं? कधीच नाही, म्हटल्यावर त्याचा त्या वस्तूवरचा विश्वासच उडाला. तिसरा उंच, मनोऱ्यासारखा. तांब्याच्या नळ्या, त्यांवर पत्र्याची पातळ पानं, आणि बाजूला तळहातापेक्षा मोठा पंखा. तुमच्या कॉम्प्युटरच्या डब्याचं झाकण लागणार नाही, भागवतनं बजावलं. लुंबिनी म्हणाली, झाकण काढून ठेवीन.

“वाजवून दाखव,” व्यंकटी म्हणाला.

“काका, हे काय तबला हाय का?”

पण व्यंकटी हलेना. शेवटी भागवतनं काउंटरवर वीज जोडून एकेक पंखा फिरवला. व्यंकटीनं आधी छतावरचा पंखा बंद करायला लावला. गिऱ्हाइकं घामानं कपाळं पुसत उभी राहिली. हा म्हातारा काय करून राहिला, असं कुणी तरी पुटपुटलं. व्यंकटी डोळे मिटून, वाकून, कान लावून उभा होता. छोट्या पंख्याचा सूर वरचा आहे, माझ्या आवाजाला कापून काढील, म्हणाला. मोठा पंखा ऐकला आणि त्याचा चेहरा सैलावला. तसाच दुसरा नग आहे का, विचारलं. तोही ऐकला. मग पुन्हा पहिला.

“हाच. दुसरा नुस्ता फिरतो. ह्याला एक बारीक लचक हाय, ऐक. दम घेतल्यावानी. माझ्या सुराखाली हा गपचूप बसंल.”

लुंबिनीला दोन्ही सारखेच ऐकू येत होते. भागवतलाही. दुकानात गर्दी वाढली होती. कुठला स्क्रू कुठं, आणि उष्णता नीट चढावी म्हणून प्रोसेसर आणि ठोकळा यांच्यामध्ये मलम किती लावायचं, एवढं सांगून त्यानं खोकं हातात दिलं. परतीच्या वाटेवर ते व्यंकटीच्या मांडीवर होतं. आयुष्यात इतकी नवी वस्तू त्यानं क्वचितच धरली असेल.

घरी लुंबिनीनं जुना पंखा उतरवला, कोंडा झाडला. मनोरा उलटा केला तर त्याच्या बुडाचं तांबं आरशासारखं चमकत होतं. त्यावर पातळ, पारदर्शक प्लास्टिक चिकटवलेलं होतं. त्यावर एक अक्षरही लिहिलेलं नव्हतं. तिनं नखानं एक कोपरा उचलला.

“ऱ्हाऊ दे,” व्यंकटी म्हणाला. तो बॅटरी धरून बसला होता. “तांबं हाय. घासून खराब हुईल.”

तिनं कोपरा परत दाबून बसवला. मलम लावलं, मनोरा बसवला, स्क्रू आवळले.

पहिली काही मिनिटं घर इतकं शांत झालं, की पंचफुलाला भाकरी थापतानाचा आपलाच आवाज मोठा वाटला. व्यंकटी माईकसमोर बसला आणि गावांची नावं घेऊ लागला. निलंगा. चाकूर. जळकोट. देवणी. मग तो मंद पंखा हळूहळू चढू लागला. चढत चढत जुन्यापेक्षाही जोरात गेला, आणि कॉम्प्युटर बंद पडला. बोललेलं जतन झालं नव्हतं.

त्यानंतरचे दिवस लुंबिनीला पुढं आठवायलाही नको वाटायचे. सकाळी गारव्यात सुरू करायचं, थोडं हाती लागायचं, की बंद. स्क्रू आणखी आवळले. बर्फाचं ताट शेजारी ठेवलं. भागवतला फोन केला, तो म्हणाला मलम नीट लागलं नसेल. तिनं मनोरा उतरवून नवं मलम लावलं, आणि लावताना त्या प्लास्टिकवरचं जुनं मलम हलक्या हातानं पुसलं, त्याला ओरखडा पडू नये म्हणून. प्रत्येक खेपेला अण्णांना तेच पुन्हा बोलावं लागे, आणि प्रत्येक खेपेला आवाज थोडा आणखी गेलेला असे. आधी वरचा सूर गेला. मग आडनावांचे शेवट हवेत विरू लागले. पंचफुला मध्ये पडायची. डॉक्टरनं बोलू नको म्हणलं, आन् तुम्ही बापलेक गळा खरवडून राहिलात, म्हणायची. व्यंकटी तिला हातानंच गप करायचा. एका दुपारी बंद पडलेल्या पंख्याकडं बघत तो कुजबुजला, “दुकानात तर असा न्हवता.”

बुद्धपौर्णिमेची मिरवणूक दुसऱ्याच कुणाच्या आवाजावर निघाली. व्यंकटी दारात पांढऱ्या कपड्यांत उभा राहिला आणि शेवटपर्यंत ऐकून आत गेला.

दवाखान्यात जायच्या आदल्या दिवशी लुंबिनी पहिल्या एस.टी.नं नांदेडला गेली. मनोरा फडक्यात गुंडाळून मांडीवर घेतला होता. भागवतनं तो हातात घेतला, उलटा केला. मग नखानं कोपरा धरला आणि ते प्लास्टिक सोलून काढलं. मलमानं माखलेला तो तुकडा त्यानं काउंटरवर ठेवला. मागचं एक गिऱ्हाईक हसलं. भागवत हसला नाही.

“ताई, हे काढायचं असतं. तांबं डोक्याला टेकलंच नाही. हे मधी असल्यावर उष्णता कुठून चढल?” मग तो म्हणाला, “मीच सांगायला पाहिजे होतं. पंखा एक नंबर हाय. काकांचा कान पक्का हाय.”

लुंबिनीनं तो तुकडा पुसला, दुमडला आणि ओढणीच्या गाठीत बांधला. रस्ताभर ती एकच विचार करत होती, की घरी काय सांगायचं. खरं सांगितलं तर अण्णांना कळणार, की “ऱ्हाऊ दे” ह्या त्यांच्याच दोन शब्दांनी त्यांचा आवाज घेतला. उद्या गळा कापून घ्यायला जाणाऱ्या माणसाला हे सोबत द्यायचं? मुखेड येईपर्यंत तिनं ठरवलं होतं.

“काय निघालं?” व्यंकटीनं विचारलं. आता त्याचं बोलणं जवळ जाऊनच कळत असे.

“पंखाच खराब होता, अण्णा. बदलून दिला त्यांनी.”

तिनं मनोरा बसवला. उन्हं कलली होती, पत्रा अजून तापलेलाच होता. कॉम्प्युटर सुरू झाला आणि सुरूच राहिला. पंखा चढला नाही. खोलीत इतकी शांतता पसरली, की डाळमिलमधल्या हमालांचं बोलणं ऐकू येऊ लागलं. व्यंकटी उठून जवळ आला, दुकानात वाकला होता तसाच वाकला, डोळे मिटले. बराच वेळ तसाच होता. मग सरळ होऊन लेकीकडं पाहिलं.

“हा दुसरा हाय म्हन्तीस?”

“हाव.”

“मला तर तोच वाटून राहिला. तीच लचक. तोच दम.”

लुंबिनीचा हात ओढणीच्या गाठीकडं गेला. तोच आहे अण्णा, हे शब्द तिच्या जिभेवर होते. पण ते बोलले की त्यांच्यामागून पुढचे शब्दही आले असते. ती म्हणाली, “नवाच हाय. सारखेच असतात ते.”

व्यंकटीनं मान हलवली. दोनदा पंख्याकडं, एकदा माईककडं बघितलं. मग खाली बसला, एकदम म्हातारा झाल्यासारखा. लुंबिनीनं माईक त्याच्यापुढं सरकवला. जेवढं जमेल तेवढं बोला, एक वाक्य तरी, म्हणाली. त्यानं तोंड उघडलं. वारा फटीतून यावा तशी घासलेली हवा आली, आणि स्वच्छ, एकाही घरघरीशिवाय, कॉम्प्युटरमध्ये उतरली. तिनं ऐकवायला हेडफोन पुढं केला. त्यानं तो घेतला नाही.

“खराब पंखा मी निवडला. आज तोच का दुसरा, ते कळंना,” तो कुजबुजला. “मी म्हनायचो न्हवं, कान शाबूत हाय तवर. कान आधी गेला, लुंबे. आवाज मागून गेला.”

पंचफुला चुलीपाशी पाठमोरी बसली होती. ती वळली नाही.

सकाळी व्यंकटीनं आटोला नको म्हटलं. स्टँडपर्यंत चालत जातो, अशी खूण केली. पंचफुला पिशवी घेऊन दोन पावलं मागं निघाली. लुंबिनीला मुक्कामाचं सामान घेऊन दुपारच्या गाडीनं यायचं होतं, ती दारातच राहिली. प्लास्टिकचा तुकडा अजून तिच्या ओढणीच्या गाठीत होता. आपण आता धावत गेलो, वाटेत गाठून सांगितलं, की तुमचा कान खरा होता, पंखा तोच होता, तर काय होईल, असं तिला वाटत होतं. कान परत मिळेल. आणि प्लास्टिकही मिळेल. ह्यातलं कोणतं जड, हे तिला ठरवता येईना, आणि पाय उचलेना.

गल्लीत लोक दारांत आले होते. कुणी “जयभीम, व्यंकटदा” म्हणालं. तो हात जोडत, मान तुकवत, काही न बोलता जात होता. ह्या गल्लीतून तो असा मुका कधी गेला नव्हता. साखराबाई ओट्यावर भिंत धरून उभी राहिली होती. तिच्यासमोर तो किंचित थांबला, नावाआधी थांबायचा तसा. तिला वाटलं आता काही म्हणेल. तो पुढं गेला.

“लुंबे,” साखराबाई त्याच्याकडंच बघत म्हणाली, “माझं ते मयताचं हाय का अजून कॉम्प्युटरात?”

“हाय, आजी. तेवढंच पूर्ण हाय.”

“गिरणीसकट?”

“गिरणीसकट.”

“ऱ्हाऊ दे तसंच,” म्हातारी म्हणाली. “पुसू नको.”

व्यंकटी डाळमिलच्या वळणापाशी पोचला होता. तिथं भोंग्याचा एक आटो कसली तरी सूचना देत उभा होता, कुणा नव्या पोराच्या चढ्या आवाजात. त्यानं सवयीनं मान तिरपी केली, ऐकल्यासारखं केलं, मग कानावरून हात फिरवला आणि वळला. पंचफुलाचा पदर त्याच्यामागं दिसेनासा झाला. दारात लुंबिनी उभी होती आणि ओट्यावर साखराबाई, आणि दोघी त्या वळणाकडं बघत राहिल्या.